तिसरीची मुलं धडाधड वाचतात, विचारलं की गप्प. मदत हवी, तातडीने

पेठेतली_ताई
नमस्कार. तिसरीच्या मुलांचं मराठी वाचन घेते. मुलं न अडखळता वाचतात, स्वल्पविरामाला थांबतात, प्रश्नचिन्हाला आवाज वर नेतात. पण वाचून झाल्यावर साधा प्रश्न विचारला की एकमेकांची तोंडं बघतात. रोज दोन पानं वाचून घेते. कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर देते, ते वहीत उतरवून पाठही करतात. फरक शून्य. सोमवारी पुन्हा वर्ग आहे. "गोडी लावा", "पालकांशी बोला" हे सल्ले कृपया नकोत. नेमकं काय करायचं तेवढं सांगा.

उत्तरेश्वर
मुलं किती? माध्यम कुठलं? वाचताहेत काय? आणि "साधा प्रश्न" जसाच्या तसा लिहा.

पेठेतली_ताई
अकरा. तालमीच्या वरच्या खोलीत, संध्याकाळी ६ ते ७. प्रश्न धड्याखालचेच, त्यात काय वेगळं असणार?

बोरू
आधी अक्षर सुधारा. दुरेघी वही, रोज १० ओळी, पेन्सिल टोकापासून दोन बोटं अंतरावर धरायची. अक्षर वळणदार झालं की सगळं मार्गी लागतं.

उत्तरेश्वर
बोरूसाहेब, प्रश्न वाचनाचा आहे.
ताई, "धड्याखालचे" म्हणजे मुलं पाठ्यपुस्तकच वाचताहेत ना? तोच धडा शाळेत चार वेळा होऊन गेला असणार. मग हे वाचन नाही, तोंडपाठ म्हणणं आहे. तपासायला दोन मिनिटं लागतात. धड्यातलं एखादं वाक्य उलट्या क्रमाने कागदावर लिहून द्या, किंवा दुसऱ्या पुस्तकातला न पाहिलेला उतारा द्या. धडाधड वाचणारं पोर तिथे अडखळलं तर अडचण अजून अक्षरांच्याच पायरीवर आहे. १०० शब्दांत पाचपर्यंत चुका चालतात. दहाच्या वर गेल्या तर तो उतारा त्या मुलाला जड आहे, त्यावर अर्थाचे प्रश्न विचारणंच व्यर्थ.

घड्याळवाले
मूळ दुखणं वेग आहे. केंद्र सरकारच्या निपुण भारत या वाचन-गणित अभियानात तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द ठेवलेत ते उगीच नाही. पोर अक्षर जुळवण्यात दमलं तर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. रोज एकच ८० शब्दांचा उतारा तीनदा, घड्याळ लावून. तक्ता भिंतीवर. दीड महिन्यात फरक.

शब्दवेडी
तुम्ही "अर्थासह" हा शब्द गिळलात. उद्दिष्ट समजून वाचण्याचं आहे. घड्याळ लावलं की मुलं वाक्य संपल्यावरचा श्वाससुद्धा गाळतात. शिवाय मराठीत शब्द मोजणं फसवं आहे: "घराशेजारच्यांपेक्षा" हा एक शब्द आणि "तो" हाही एकच. ताईंची मुलं तर आधीच सुसाट आहेत, त्यांना आणखी पळवून काय करायचं?

घड्याळवाले
सुसाट आहेत हे ताई म्हणतात. मोजलंय कोणी? वर उत्तरेश्वरांनीच शंका काढली आहे की.

उत्तरेश्वर
वेगाचं म्हणणं खोटं नाही, पण ते निम्मंच आहे. गॉफ आणि टनमर या वाचन-संशोधकांनी १९८६ साली मांडलेलं सूत्र सोपं आहे: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, म्हणून एका बाजूला शून्य असेल तर उत्तर शून्यच. ताईंनी आधी कुठली बाजू लंगडी ते शोधावं.

न पाहिलेले दोन उतारे घ्या, ७०-८० शब्दांचे, साधारण सारख्या अवघड पातळीचे. पहिला मूल स्वतः वाचेल. दुसरा तुम्ही वाचून दाखवा. दोन्हीवर पाच-पाच प्रश्न. ऐकून चार बरोबर आणि वाचून एकच, तर भाषा ठीक आहे, अक्षरांवर काम करा (इथे घड्याळवाल्यांचा उपाय चालेल). ऐकूनही एकच आलं, तर कितीही वाचून घ्या, उपयोग नाही. शब्द, वाक्यरचना आणि विषयाची ओळख यांवर तोंडी काम करावं लागेल. ऐकण्याची चाचणी सगळ्यांची एकत्र घेता येते, पण उत्तर चित्रावर खूण करून घ्या. तोंडी घेतलंत तर पहिल्याचं उत्तर अकराही जण देतात.

पेठेतली_ताई
बरं, करून बघते. एक विचारते: चार जण इंग्रजी माध्यमाचे आहेत आणि एकीच्या घरी कन्नड बोलतात. त्याने काही फरक पडतो का?

शब्दवेडी
अहो ताई, हे पहिल्या ओळीत हवं होतं!
कन्नड घरातली मुलगी गोष्ट समजूनही मराठीत सांगू शकत नसेल. तिला चित्र काढून किंवा बोट दाखवून उत्तर देऊ द्या. घरी गोष्ट कन्नडमध्ये सांगितली तरी चालेल, गोष्टीची बांधणी डोक्यात तयार होते ती दोन्ही भाषांत वापरता येते. इंग्रजी माध्यमवाल्यांना शब्दाचं मूळ रूप ओळखणं जड जातं. "घोडा" येतो, "घोड्याला" वाचतात, पण घोड्याचा आणि घोड्याला यांत घोडा दिसत नाही. रोज पाच मिनिटं: घोडा-घोड्याने-घोड्यावर, पाणी-पाण्यात, देऊळ-देवळात, सून-सुनेला. "देवळात" वाचून देऊळ न सापडणारी मुलं चौथीतही असतात.

आणि अर्थ पाठ करून घेणं थांबवा. "ओशाळणे = लज्जित होणे" लिहून दिलंत तर मुलाला दोन्ही शब्द नवेच. त्यापेक्षा: दुसऱ्याचा डबा आपला समजून उघडला आणि तो समोर येऊन उभा राहिला, तेव्हा तोंड कसं होतं? तसं करून दाखवा. उताऱ्यामागे तीनच शब्द घ्या, आणि तेच पुढच्या दोन दिवसांत बोलण्यात मुद्दाम आणा. दहा घेतलेत तर एकही राहत नाही.

साने_वळण
मध्येच विचारतो. ताई, प्रश्न विचारताना पुस्तक उघडं असतं की मिटलेलं?

पेठेतली_ताई
मिटलेलं. उघडं ठेवलं तर बघून सांगतील ना.

साने_वळण
मग तुम्ही समज तपासत नाही, आठवण तपासताय. बघूनच सांगायचंय! कुठे बघायचं हे कळणं हीच तर समज. उद्यापासून पुस्तक उघडं, हातात पेन्सिल, आणि प्रत्येक उत्तरानंतर एकच वाक्य: "कुठून कळलं? बोट ठेव." उत्तर बरोबर असलं तरी विचारायचं. चुकल्यावरच विचारलंत तर "कुठून कळलं" ऐकताच मुलं उत्तर बदलतात.

करवीरी
एक इथली गंमत लक्षात ठेवा. आपल्याकडे कोल्हापुरात पोरी, बायकासुद्धा "मी आलो, मी जातो" म्हणतात. पुस्तकात "मी दारात उभी राहिले, मग धावत सुटले" आलं की "धावत सुटले" म्हणजे खूप जण धावत सुटले असं वाटू शकतं. गोष्ट कोण सांगतंय, मुलगा की मुलगी, हा प्रश्न विचारून बघा.

शुद्धलेखनप्रेमी
म्हणूनच म्हणतो, वर्गात प्रमाण मराठीच बोलायला लावा. "मी आलो" ही चूक आहे.

करवीरी
चूक कशी? पिढ्यान्पिढ्या इथल्या आयाबाया तशा बोलतात. पोरीला "असं बोलू नको" म्हटलंत की ती बोलायचीच बंद होते, मग तिला काय समजलंय ते कळणार कुठून? "घरी आपण असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितात", एवढं पुरे.

शुद्धलेखनप्रेमी
मग उद्या पेपरात "आलंया" लिहील तेव्हा गुण कोण देणार?

साने_वळण
अवांतर आवरा. वेगळा धागा काढा, तिथे मीही येतो भांडायला.

उत्तरेश्वर
विषयाच्या ओळखीचं राहिलं. १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली यांनी अमेरिकेत बेसबॉलच्या सामन्याचा उतारा मुलांना दिला होता. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्यांच्या पुढे गेली. ताईंचा वर्ग तालमीच्या वर आहे, म्हणजे खाली कुस्तीची माती रोज दिसते. मग न पाहिलेल्या समुद्राच्या भरती-ओहोटीपासून सुरुवात कशाला? हे घ्या, आत्ता लिहिलंय, वापरा:

"वस्तादांनी हाक मारली. संग्राम मातीत उतरला. समोरचा पोरगा त्याच्याहून वीतभर उंच होता. संग्रामने शड्डू ठोकला, पण आवाज नीट आला नाही. हलगी थांबली तेव्हा त्याच्या पाठीला माती नव्हती. वस्ताद काहीच बोलले नाहीत. नुसता थंडाईचा पेला त्यांनी संग्रामकडे सरकवला."

प्रश्न: १) समोरचा पोरगा कसा होता? २) कुस्तीआधी संग्रामच्या मनात काय होतं? ३) कोण जिंकलं? ४) वस्ताद खूश होते का?
पहिल्याचं उत्तर एका जागी सापडतं. दुसऱ्याला दोन वाक्यं जोडावी लागतात, उंची आणि शड्डूचा आवाज. तिसऱ्याचं उत्तर उताऱ्यात लिहिलेलंच नाही, पाठीला माती लागली की कुस्ती गेली हे ज्याला माहीत आहे त्यालाच ते दिसतं. धड्याखालचे प्रश्न बहुतेक पहिल्या जातीचे असतात. त्यात मुलं प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकतात आणि ती अख्खी ओळ उतरवतात. गुण मिळतात, समज लागतच नाही.

घड्याळवाले
"त्याच्या पाठीला" म्हणजे कुणाच्या? त्या उंच पोराच्याही असू शकेल. प्रश्नच सदोष.

उत्तरेश्वर
हरकत मान्य. पहिल्या दिवशी "संग्रामच्या पाठीला" लिहा. आठवड्याने पुन्हा "त्याच्या" करा आणि बाण काढायला लावा: "त्याच्या" या शब्दापासून ज्याच्याबद्दल आहे त्या नावापर्यंत. तो, ती, त्याने, तिथे, म्हणून, या शब्दांवर मुलं सर्रास घसरतात. मराठीत कर्ता गाळला तरी वाक्य चालतं, म्हणून जास्तच. थंडाईच्या वाक्यात "त्यांनी" कोण, तेही विचारा.

शब्दवेडी
पुढच्या टप्प्याला चौघांचे गट करा. पालिन्सार आणि ब्राऊन या संशोधकांची १९८४ची पद्धत: एक जण पुढे काय होईल ते सांगतो, एक अडलेला शब्द किंवा वाक्य काढतो, एक प्रश्न विचारतो, एक दोन वाक्यांत सांगतो काय झालं. दर परिच्छेदाला कामं फिरवायची. अकरांत ४-४-३ होतील, तिघांच्या गटात अंदाज आणि शंका एकाकडेच द्या. फसतं कुठे? प्रश्न विचारणारा कायम "कोण" आणि "कुठे" विचारतो. त्याच्या चिठ्ठीवर "का" किंवा "कशावरून" लिहूनच द्या. आणि पहिला आठवडाभर चारही कामं तुम्ही मोठ्याने करून दाखवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गट गप्पा मारायला बसतो.

बोरू
गटात बसून अक्षर बिघडतं.

पेठेतली_ताई
उतारे आणू कुठून रोज? मी काही लेखिका नाही.

साने_वळण
प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळ्या लावलेल्या. पहिली पातळी २५० शब्दांपर्यंत, दुसरी २५० ते ६००. तिसरी इयत्ता म्हणून तिसरी पातळी उघडू नका, पहिलीपासून चढा. छापील पुस्तकांसाठी आपल्या कोल्हापुरातलं ग्रंथालय, करवीर नगर वाचन मंदिर, १८५० सालचं आहे.
आणि गाळलेल्या जागांची चाचणी घरी बनते: ८० शब्दांचा उतारा, पहिलं वाक्य जसंच्या तसं, पुढे दर सातवा शब्द खोडायचा. दहाएक जागा होतात. खाली पर्याय द्यायचे नाहीत. निम्म्याच्या आसपास भरल्या तर उतारा शिकवायला योग्य, तीनच भरल्या तर जड. अर्थाला चालणारा दुसरा शब्दही बरोबर धरा. पण "घोड्यावर"च्या जागी "घोडा" लिहिलं तर त्याची वेगळी नोंद ठेवा, तिथे वर शब्दवेडींनी सांगितलेलं दुखणं आहे.

पेठेतली_ताई
सोमवार झाला. न पाहिलेल्या उताऱ्यावर तिघे अडखळले, शंभराला बारा-पंधरा चुका. ते माझे सगळ्यात "चांगले" वाचणारे होते. बाकी आठांत पाच जणांना ऐकूनही दोनच प्रश्न आले. कुस्तीच्या उताऱ्यावर मात्र त्याच पाचांतल्या चौघांनी "कोण जिंकलं" बरोबर सांगितलं, "पाठीला माती नव्हती"वर बोट ठेवून. इंग्रजी माध्यमाची एक म्हणाली, माती नव्हती म्हणजे कुस्ती झालीच नाही. ती हटूनच बसली, मला पुढे काय बोलावं सुचेना.

उत्तरेश्वर
तिने बोट बरोबर जागी ठेवलंय, तिला फक्त नियम माहीत नाही. उत्तर सांगू नका. "हलगी थांबली" यावर बोट ठेवायला लावा आणि विचारा, हलगी कधी वाजते, कधी थांबते. मग खाली नेऊन दहा मिनिटं सराव दाखवा आणि वर येऊन तोच उतारा पुन्हा वाचायला द्या. त्या तिघांचं मात्र वेगळं करा, त्यांना जोडाक्षरांपासून घ्या. घड्याळ अजून नको.

घड्याळवाले
तिघांना तरी लावू द्या की राव!