प्रतिसाद: नोटीस आली म्हणजे घर गेलंच का?

वर एकांनी लिहिलंय की सरफेसीची (थकलेल्या कर्जापायी तारण घर बँकेला कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणारा कायदा) नोटीस आली की घर गेलंच समजा, सरकारी कायदे सगळे बँकेच्याच बाजूचे. अर्धं पटतं. पण त्या कायद्याच्या कलम 13(2) ची नोटीस म्हणजे जप्ती नव्हे, तिथून 60 दिवस मिळतात. आणि इथे कोणीच न लिहिलेली गोष्ट म्हणजे कलम 13(3ए): लेखी हरकत घेतली, तर ती का मान्य नाही हे बँकेला 15 दिवसांत कारणांसह कळवावंच लागतं.

आमच्या भाऊजींचा मानेवाड्याला फ्लॅट आहे. त्यांच्या नोटिशीचं पाकीट तीन आठवडे फ्रिजवर, वीजबिलाखाली न फोडता पडलं होतं (ताई अजून टोमणे मारते). खातेउतारा काढला, तर एकाच हप्त्यावर दंड दोनदा. बँकेचं नाव नाही घेत. हरकत रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली, पोचपावती जपली. बँकेने दंड कमी केला, थकबाकी दागिने मोडून भरली. ताबा घ्यायची कारवाई झालीच, तर 45 दिवसांत डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) अर्ज करता येतो, अन् ते आपल्या नागपुरातच आहे, बाप्पा! आणि हो, मुद्दल अन् व्याज मिळून 20 टक्क्यांहून कमी कर्ज उरलं असेल, तर सरफेसी लागूच होत नाही, हे आधी तपासा.