मदत हवी आहे : शेतावरच्या स्नेहभोजनात अन्न सुरक्षित कसे ठेवावे?

आमच्या लहानशा शेतावर, त्या त्या हंगामात जे पिकेल त्याचेच पदार्थ करून, मित्रमंडळींना मोकळ्या हवेत जेवू घालावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान २ तासांहून अधिक, आणि हवाच ३२ अंशांच्या वर गेली असेल तर १ तासाहून अधिक राहू देऊ नये, हे मला ठाऊक आहे. परंतु गप्पा रंगल्या की जेवण लांबते, आणि ते लांबावे असेच मला वाटते. विजेची सोय नसताना गरम पदार्थ गरम आणि कापलेली फळे थंड कशी ठेवावीत? चूल वाळलेल्या गवतापासून किती दूर मांडावी? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.