मदत हवी आहे: देवबंदच्या दारुल उलूममध्ये प्रत्यक्ष शिकवतात कसं?

नमस्कार मंडळी,

आपल्याकडच्या जुन्या शिक्षणपरंपरांवर मराठीत एक लेखमाला लिहिते आहे. सध्या देवबंदच्या दारुल उलूमवरचा लेख हातात आहे. इतिहास बऱ्यापैकी जमला, पण वर्गाच्या दारात येऊन अडले आहे. ज्यांनी स्वतः आलिमचा, म्हणजे इस्लामी धर्मविद्वानाचा, अभ्यासक्रम केला आहे किंवा ज्यांच्या घरात कुणी केला आहे, त्यांनी कृपया वेळ काढून लिहावं.

माझ्याकडे काय आहे ते आधी सांगते, म्हणजे तेच तेच लिहायचा त्रास तुम्हाला नको. मदरसा सुरू झाला मे १८६६ मध्ये, सहारनपूर जिल्ह्यातल्या देवबंद गावी, छत्ता मशिदीत डाळिंबाच्या झाडाखाली. शिक्षक मुल्ला महमूद आणि पहिला विद्यार्थी महमूद हसन. हेच पुढे 'शैखुल हिंद' झाले, इंग्रजांनी त्यांना माल्टात डांबलं. १८५७ नंतर नवाब-जहागीरदारांचा आधार उरला नव्हता. संस्थापकांपैकी मौलाना कासिम नानौतवींनी घालून दिलेल्या आठ तत्त्वांत तर स्पष्टच म्हटलंय की जहागीर, कारखाना किंवा एखाद्या धनिकाचा शब्द असं पक्कं उत्पन्न हाती आलं, तर अल्लाहवरचा भरवसा सुटेल. म्हणून संस्था चालवायची ती सामान्यांच्या वर्गणीवर. मला हा भाग फार मोलाचा वाटतो.

अभ्यासक्रम मात्र देवबंदचा स्वतःचा नाही. तो लखनौच्या फिरंगी महलातल्या मुल्ला निजामुद्दीन यांचा (निधन १७४८), म्हणून 'दर्स-ए-निझामी'. त्यात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचा भर मोठा होता. देवबंदने चौकट तीच ठेवून हदीसला, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींना, सर्वांत वर बसवलं. शेवटचं वर्ष 'दौरा-ए-हदीस'चं.

आता अडचण. मराठीत मदरशांबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात 'डोलत डोलत पाठांतर' यापलीकडे कुणी जात नाही. ते हिफ्झच्या, म्हणजे कुराण मुखोद्गत करण्याच्या वर्गाचं चित्र आहे. आलिमच्या वर्गाची रीत निराळी. एक विद्यार्थी अरबी मजकूर मोठ्याने वाचतो. छापील पानावर जेर-जबरच्या, म्हणजे ऱ्हस्व स्वरांच्या, खुणा नसतात, त्यामुळे शब्दाचा शेवट कसा उच्चारायचा हे व्याकरण कळल्याशिवाय ठरवताच येत नाही. चुकला की उस्ताद थांबवतात, 'इथे जबर का?' विचारतात. नुसतं वाचून घेतलं तरी कुणाला वाक्य उमगलंय हे कळतं. आपल्या शास्त्रपाठशाळांतही ग्रंथ पंक्तीपंक्तीने लावत, तसंच काहीसं. वाचकांपर्यंत मला हेच पोचवायचंय, आणि ते ऐकीव माहितीवर लिहायचं नाही.

म्हणून विचारते. संध्याकाळी मुलं गटाने बसून दिवसभराचा सबक एकमेकांना पुन्हा समजावतात, त्या तकरारमध्ये समजावणारा कोण ठरवतं? उस्ताद नेमतात की मुलंच निवडतात? एखादा मुद्दा कुणालाच सुटला नाही तर दुसऱ्या दिवशी वर्गात तो काढायची मुभा असते का? मला सर्वांत जास्त कुतूहल याचंच आहे, कारण निम्मं शिक्षण तिथेच होत असावं.

दुसरं दौऱ्याच्या वर्षाबद्दल. बुखारी, मुस्लिम, तिर्मिझी आणि बाकीचे हदीससंग्रह एकाच वर्षात संपवायचे म्हणजे सुरुवातीला एकेका हदीसवर सविस्तर चर्चा आणि पुढे नुसतं भराभर वाचन, असं होतं का? हनफी मताच्या (देवबंद मानतं त्या इस्लामी कायद्याच्या परंपरेच्या) विरुद्ध जाणारी हदीस आली की उस्ताद ती कशी हाताळतात? एखादं उदाहरण आठवत असेल तर सोन्याहून पिवळं.

नंदुरबार-धुळ्याकडच्या सभासदांना खास विनंती. अक्कलकुव्याच्या जामियाचे संस्थापक मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी २०११ मध्ये काही महिने देवबंदचे मोहतमिम, म्हणजे संस्थाप्रमुख, होते. अक्कलकुव्यात शिकलेल्या कुणाला तिथल्या आणि देवबंदच्या शिकवण्यातला फरक सांगता आला तर या लेखाला महाराष्ट्राची बाजू मिळेल. कोकण आणि मराठवाड्यातल्या मदरशांचे अनुभवही चालतील, फक्त वर्ष आणि इयत्ता तेवढी लिहा.

संस्थेच्या राजकीय भूमिकांवर इथे वाद नको, त्यासाठी वेगळा धागा काढता येईल. उघड लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तुमच्या परवानगीशिवाय नाव कुठेही येणार नाही, आणि तुमच्या माहितीवर लिहिलेला भाग छापायच्या आधी तुम्हाला वाचायला पाठवेन.