मडगावची जुनी यामाहा एफजी-१८० गिटार घ्यावी का? अ‍ॅक्शन ३.५ मिमी आहे

तिसरी_पट्टी (नागपूर):
मडगावात एका घरी लाल लेबलची यामाहा एफजी-१८० विकायला आहे. मालक २४,००० म्हणतात. बाहेरून स्वच्छ आहे, तडा कुठेच दिसत नाही. अ‍ॅक्शन, म्हणजे बाराव्या फ्रेटवर (लांब दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) सहाव्या तारेची उंची, ३.५ मिमी आहे, सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पातळ पट्टी) ब्रिजच्या (टॉपवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या लाकडाच्या) वर जेमतेम २ मिमी दिसतं आणि ब्रिजच्या मागच्या कडेला बारीक फट वाटते. पहिल्या दोन-तीन फ्रेटांवर खाचा पडल्यात. मालकांचं म्हणणं, "सॅडल थोडं घासलं की झालं." पुढच्या आठवड्यात गोव्याला जाणार आहे. काय काय बघून घेऊ? गिटार नंतर नागपुरातच राहील.

खर्जातली_तार:
सॅडल घासून भागणार नाही, याचं गणित आधी बघा. बारावी फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असते. त्यामुळे तिथली उंची १ मिमी उतरवायची तर सॅडल २ मिमी उतरवावं लागतं. ३.५ वरून २.५ वर यायचं तर तुमचं दिसतंय तेवढं सगळं सॅडल संपलं. मग तार सॅडलवरून पुरेशी खाली वळत नाही, दाब जातो आणि आवाज मेल्यासारखा होतो.

म्हणून पहिली तपासणी नेकच्या (लांब दांड्याच्या) कोनाची. नव्या १२-५३ तारांचा (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच, सर्वांत जाड ०.०५३) सेट सोबत न्या, चढवा आणि पूर्ण सुरात लावा. ढिल्या तारांवर घेतलेलं माप खोटं असतं, नेकवर ओढच नसते. मग पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार चौदाव्या फ्रेटला दाबा आणि सातव्या फ्रेटवर तार नि फ्रेट यांतलं अंतर बघा. ०.१५ ते ०.२५ मिमी चांगलं. साधं व्हिजिटिंग कार्ड ढिलं सरकत असेल तर नेक जास्त वाकलेली आहे. ते ट्रसरॉडने (नेकच्या आतल्या धातूच्या सळईने) सुधारतं, अ‍ॅक्शनही थोडी उतरते. त्या रॉडचा नट हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) झाकणाखाली असो की साउंडहोलच्या (मधल्या गोल भोकाच्या) आत, एका वेळी पाव फेराच फिरवायचा. अडकला तर तिथेच थांबा. रॉड तुटला तर तो व्यवहार तुमच्याच गळ्यात.

त्यानंतर ६० सेंमीची सरळ स्टीलपट्टी तारांच्या मधून फ्रेटांवर टेकवा आणि ब्रिजपर्यंत न्या. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या पातळीवर यायला हवं (सॅडलच्या नव्हे, लाकडाच्या). ते लाकडाच्या कडेवर खाली आदळलं तर किती मिमी खाली, ते लिहून घ्या. सोबत ब्रिजची जाडीही मोजा. साधारण ८-९ मिमी असते. कमी भरली तर आधी कुणीतरी ब्रिज तासून नेकचा दोष लपवलाय. हे फार जण बघतच नाहीत.

सुतारकी:
ब्रिजच्या फटीबद्दल. कागदाची पट्टी आत सरकवून बघा. कडेला १-२ मिमी गेली तर चिंता नको, तो बहुधा पॉलिशचाच कट असतो. ४ मिमीच्या पुढे गेली तर गोंद सुटलाय. १२ च्या सेटची एकूण ओढ सुमारे ७४ किलो असते, त्यामुळे सुटलेला ब्रिज आणखी उचलला जातो आणि जाताना टॉपचं (गिटारच्या वरच्या पानाचं) लाकूड सोलून नेतो.

यावर नेहमीचा देशी इलाज म्हणजे फटीत फेव्हिक्विक किंवा अ‍ॅराल्डाइट भरणे. कृपा करून करू नका. ते लाकडात मुरलं की पुढच्या कारागिराला स्वच्छ सांधा मिळत नाही. पांढरा साधा गोंदही नको, सततच्या ओढीखाली आणि उष्णतेत तो हळूहळू सरकतो. रीत अशी: ब्रिज गरम करून पातळ सुरीने पूर्ण काढायचा, दोन्ही बाजूंचा जुना गोंद नि पॉलिश खरवडून कोऱ्या लाकडाला कोरं लाकूड भिडवायचं, टाइटबॉन्ड ओरिजिनल हा लाकडाचा गोंद लावायचा (टू किंवा थ्री नको), आतून लाकडी ठोकळा देऊन तीन क्लॅम्प कसायचे आणि २४ तास तारा चढवायच्या नाहीत. ब्रिजवर सजावटीच्या टिकल्या असतील तर खाली बोल्ट असू शकतात. ते आवळले की फट मिटल्यासारखी दिसते, गोंद सुटलेलाच राहतो.

आता आतलं. छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन साउंडहोलमधून ब्रिजप्लेट (ब्रिजखालची आतली फळी) बघा. तारांच्या टोकाचे गोळे प्लेटवर टेकलेले हवेत. भोकं रुंदावून गोळे लाकडात शिरत असतील तर प्लेटची डागडुजी आली. मग टॉपवर बोटाच्या पेराने टकटक करा. कुठे खडखडलं तर आतली आधाराची पट्टी सुटली आहे. किनारपट्टीवरच्या घरातली गिटार म्हणून कीडही बघाच: १-२ मिमीची गोल भोकं आणि तळाशी पिठासारखा भुसा. भुसा ताजा, फिकट असेल तर घरात आणूच नका, केसही नको.

खाचा पडलेल्या फ्रेटांचं एवढं नाही. फ्रेटची उंची १ मिमीच्या आसपास असेल तर घासून सारख्या करता येतात, ०.६ च्या खाली गेली असेल तर त्या बदलाव्या लागतात. खुंट्या जड असतील तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, बहुतेकदा तेवढ्यानेच भागतं.

ओली_हवा:
लाल लेबल म्हणजे जुनीच, असं नाही. मूळ एफजी-१८० ही १९६६ पासूनची, लेबलवर निप्पॉन गक्कीचं (यामाहाचं जुनं नाव) नाव. पण यामाहाने २०१६ मध्ये पन्नाशीची खास १८० काढली आणि २०१९ मध्ये 'रेड लेबल' नावाची नवी मालिकाही आणली. त्यांत टॉप सॉलिड (अखंड लाकडाचा) आहे. जुन्या १८० चा टॉप प्लायचा (थर चिकटवलेला). साउंडहोलच्या कडेवर टॉर्च मारा: वरच्या रेघा जाडीत सरळ उतरल्या तर सॉलिड, थर दिसले तर प्लाय. जुनी म्हणून विकत असतील आणि टॉप सॉलिड दिसला, तर लेबल नीट वाचा.

"तडा नाही" याला गोव्यात पावसाळ्यात फारसा अर्थ नाही. ओल्या हवेत लाकूड फुगतं, फटी मिटतात, टॉप पोट काढतो नि अ‍ॅक्शनही चढते. खरी परीक्षा नागपूरच्या मे महिन्यात. प्लाय असल्याने तडे कमी जातील, पण फिंगरबोर्ड आक्रसून फ्रेटांची टोकं बोटाला टोचायला लागतील. गिटार केसमध्ये ठेवा, आत छोटा डिजिटल हायग्रोमीटर टाका, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखा. उन्हाळ्यात ओला स्पंज भोकं पाडलेल्या डबीत घालून केसमध्ये ठेवा. सिलिका जेल गोव्यासाठी, नागपुरात उन्हाळ्यात नको. आणि कूलरच्या झोतात तर मुळीच नाही, दिवसा भिजते नि रात्री वाळते!

नेताना तारा दोन-तीन सूर उतरवा आणि हेडस्टॉकखाली कागद कोंबा.

तिसरी_पट्टी:
बघून आलो. नव्या तारा चढवून मापं घेतली. सातव्या फ्रेटवर ०.३ मिमी. पट्टी ब्रिजच्या वरच्या कडेपेक्षा ४ मिमी खाली आदळते. ब्रिज ६.५ मिमी जाड. कागद मागून ५ मिमी आत जातो. आत ब्रिजप्लेट चांगली, कीड नाही. टॉप प्लायचा, लेबल जुनं निप्पॉन गक्कीचंच.

खर्जातली_तार:
मग चित्र स्पष्ट आहे. ०.३ चा वाक ही किरकोळ गोष्ट, ट्रसरॉडने जाईल. ब्रिज मात्र आधीच दोनेक मिमी तासलेला आणि तरीही पट्टी ४ मिमी खाली. पावसाळ्यातल्या पोटामुळे अर्धा-एक मिमी जास्त दिसत असेल असं धरलं, तरी नेक रीसेट (नेक काढून योग्य कोनात पुन्हा बसवणं) चुकत नाही. सोबत पूर्ण जाडीचा नवा ब्रिजही लागेल, म्हणजे सुटलेला चिकटवायचा प्रश्नच मिटला.

रीसेटमध्ये पंधरावी फ्रेट काढून तिच्या खाचेतून बारीक भोक पाडतात आणि डोव्हटेलमध्ये (नेक आणि बॉडीच्या खाचेच्या सांध्यात) वाफ सोडतात. जुन्या यामाहांचा गोंद वाफेला सहज दाद देत नाही, म्हणून काही कारागीर नेक कापून बोल्टवर बसवतात. हे काम ज्याने आधी केलंय त्यालाच द्या आणि खरेदीच्या आधी त्याच्याकडून लेखी अंदाज घ्या. तो आकडा, ब्रिज आणि फ्रेटांचं काम २४,००० मधून वजा करून उरेल तेवढीच किंमत सांगा. मालक तयार नसतील तर सोडा.

११ चा सेट लावून चालेल का, असं कुणी सुचवेल. ओढ सात-आठ किलोंनी कमी होते, अ‍ॅक्शन जरा उतरते, कोन आहे तिथेच राहतो.

सुतारकी:
एक वेगळी वाट: मांडीवर आडवी ठेवून स्टील बारने हवाइयन पद्धतीने वाजवणार असाल तर हीच उंच अ‍ॅक्शन कामाची. नटवर (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात ती पट्टी) उंची वाढवणारी पट्टी बसवा, फ्रेटांच्या खाचांचाही प्रश्न नाही. ब्रिज मात्र तरीही आधी काढून चिकटवायचाच.