एनएसएसचं शिबिर: गावात काय केलं, काय टिकलं? (अनुभव धागा)

२४ सप्टेंबर हा राष्ट्रीय सेवा योजनेचा (एनएसएस) स्थापना दिन. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. त्यानिमित्त आजी-माजी स्वयंसेवक, कार्यक्रम अधिकारी आणि ज्यांच्या गावात शिबिरं झाली ते गावकरी, सगळ्यांनी इथे लिहावं. दोन वर्षांत २४० तास आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर, ही चौकट सगळ्यांना ठाऊक आहे. शेकोटी आणि अंताक्षरीही ठाऊक आहेत. मला ऐकायचंय ते कामाबद्दल. काय केलं? ते गावाला हवं होतं का? आणि मागे राहिलं का?

माझं मत आधीच सांगते. सात दिवसांत गाव बदलत नाही. पण गावाने स्वतः मागितलेलं एक काम सात दिवसांत होतं, आणि तेच टिकतं. उलट अनुभव असेल तर तोही लिहा.

माजी स्वयंसेवक, सिंधुदुर्ग

आमचं शिबिर डिसेंबरात असायचं. प्रभातफेरी, पोहे, आणि मग दुपारपर्यंत श्रमदान. त्या वर्षी वनराई बंधारा घालायचा होता. सरांनी जागा हेरून ठेवली होती. गावातल्या एका आजोबांनी ती पाहिली, काठीने पऱ्याचा (ओढ्याचा) खालचा भाग दाखवला आणि म्हणाले, "हयसर नको, खाली घाला." वर भेगाळ जांभा होता, तिथे अडवलेलं पाणी झिरपून जाणार हे त्यांना आयुष्यभराच्या अनुभवाने माहीत होतं. खाली तळाला चिकणमाती होती. सरांनी लगेच जागा बदलली.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्या बांधकामांवरून मागून आणल्या होत्या. गोणी पाऊणच भरायची. गच्च भरली की ती ताठ राहते, शेजारच्या गोणीला चिकटून बसत नाही आणि फटीतून पाणी निसटतं. तोंड सुतळीने शिवायचं, सांधे चुकवत थर लावायचे, दोन रांगांच्या मध्ये माती टाकून चोपायची. तिसऱ्या दिवशी वाडीतल्या बायका आपापली घमेली घेऊन आल्या आणि कामाला वेगच आला. फेब्रुवारी संपेपर्यंत गुरांना पाणी मिळालं, काठच्या वाफ्यांत लाल भाजी आणि वाली झाली. हा बंधारा पावसाळ्यात वाहूनच जातो, दरवर्षी नव्याने घालावा लागतो. पुढची काही वर्षं तो वाडीने आमच्याशिवाय घातला. मला सगळ्यात जास्त आनंद याचा आहे.

१९९३ चा स्वयंसेवक, लातूर

माझा अनुभव शिबिराचा नाही. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, लोक गाढ झोपेत होते. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, तेच अंगावर कोसळलं. नंतर पाऊसही लागला. आमच्या युनिटकडे याद्यांचं काम आलं. कुणाच्या घरातलं कोण उरलं, कोण कुठल्या दवाखान्यात आहे, जनावरं किती राहिली. शेडमध्ये पोत्यावर बसून वही भरायची.

एक मावशी आल्या. छापील तक्त्यात हयात असलेल्यांचेच रकाने होते. मावशी एकेकाचं नाव सांगत गेल्या आणि गेलेल्यांचीही नावं लिहायला लावली. "लेकरा, लिही. न्हाईतर ते व्हतेच न्हाईत असं व्हईल." आम्ही पेनाने आणखी एक रकाना आखला, आणि पुढच्या सगळ्या घरांसाठी तो ठेवला. नंतर ५२ गावं नव्या जागी उभी राहिली, त्यात मोठमोठ्या संस्थांचे हात लागले. आमच्या वाट्याला वही आली होती आणि ती आम्ही नीट लिहिली.

शिक्षिका, पूर्वी स्वयंसेविका, अहिल्यानगर जिल्हा

संध्याकाळी बायकांसाठी साक्षरता वर्ग होता. आमच्याकडे मुळाक्षरांचे तक्ते होते. पहिल्याच दिवशी एक काकू म्हणाल्या, "अक्षरं मागून शिकू, आधी डेअरीची पावती वाचायला शिकवा." दूध घालायला त्याच जायच्या, पण पावतीवर लिटर किती, फॅट किती आणि दर कोणता लागला हे घरातलं कुणीतरी वाचून दाखवेल तेव्हाच कळायचं. मग आम्ही त्यांच्याच पावत्या मागवल्या. फॅट ३.५ आणि ३.८ मधला फरक, दशांश चिन्ह म्हणजे काय, फॅट घसरली की दर कसा उतरतो, हे सगळं पावतीवर बोट ठेवून. शिबिर संपायच्या आत दोघीतिघी स्वतः हिशेब करून केंद्रावर विचारायला लागल्या. मी आज शाळेत दशांश अपूर्णांक पावतीवरूनच शिकवते.

सध्याची स्वयंसेविका, गडचिरोली

आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तपासणी आरोग्य विभाग करतो, आधी रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही दुसरी चाचणी. आम्ही लोकांना बोलावून आणतो आणि समजावतो. सगळ्यात कठीण असतं ते 'वाहक', म्हणजे ज्याला आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलाय तो, आजारी नव्हे, हे पटवणं. आईवडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ही जोखीम दोघांकडून येते, तरी बोल सुनेलाच लागतो. आम्ही हे माडिया या इथल्या आदिवासी बोलीत बोलतो, कारण मराठीतलं भाषण आज्यांपर्यंत पोचत नाही. आमच्या गटातल्या माडिया मुली नसत्या तर हे काम झालंच नसतं.

निवृत्त कार्यक्रम अधिकारी, सोलापूर

एका युनिटला १०० स्वयंसेवक, त्यातले निम्मे शिबिराला न्यायचे. मुलं कशीही तयार होतात. खरी मेहनत मुलींच्या घरी जाऊन परवानगी मिळवण्याची. मी पत्नीला बरोबर घेऊन जायचो. "सर, रात्री राहणार कुठं?" हा पहिला प्रश्न, आणि तो रास्त आहे. म्हणून शिबिराचं गाव ठरवताना मी सरपंचांच्या चहाआधी झेडपी शाळेचं स्वच्छतागृह पाहायचो: कडी लागते का, पाणी आहे का, दिवा आहे का. नसेल तर आगाऊ दोन मुलं पाठवून तेच पहिलं श्रमदान. शिबिर गेल्यावर ते शाळेतल्या मुलींना उरायचं. नव्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, एवढं तरी पाहाच.

माजी स्वयंसेवक, पुणे जिल्हा

मी उलट अनुभव लिहितो. आमच्या महाविद्यालयाने ऐन जानेवारीत टेकडीवर शेकडो रोपं लावली. फोटो झाले, रोपं उन्हाळ्यात वाळली. त्या टेकडीवर गुरं चरतात हे गावाने सांगितलं होतं. पुढच्या वर्षी आम्ही मुलांनी हट्ट धरला आणि पावसाळ्याच्या तोंडाशी थोडीच झाडं लावली. आंबा, चिंच, शेवगा, लोक मागतील ते, ज्याच्या त्याच्या दारात आणि बोराटीचं कुंपण घालून. त्यातली बरीच जगली.

गावकरी, नांदेड जिल्हा

आमच्या गावात शिबिर आलं तेव्हा मी सातवीत होतो. सांडपाणी रस्त्यावरून वाहायचं, डासांनी झोप नसायची. ग्रामसभेत बायकांनी शोषखड्डे मागितले आणि कॉलेजची पोरं टिकाव-फावडी घेऊन आली. चार फूट लांब, रुंद, खोल. तळाला मोठे दगड, वर लहान, मध्ये भोकं पाडलेली टाकी, म्हणजे गाळ त्यातच बसतो. दुपारी घरटी दोन भाकरी आणि ठेचा जमा व्हायचा. आमच्या दारचा खड्डा मी त्यांच्याबरोबर खणला, हाताला फोड आले.

हे लोकांना कुणी सांगत नाही, पण खड्डाही भरतो. टाकीतला गाळ काढावा लागतो, आणि काही वर्षांनी दगड उपसून, धुऊन पुन्हा रचावे लागतात. आमच्या गल्लीत ज्यांनी हे केलं त्यांचे खड्डे अजून पाणी पितात. कुणाचं शिबिर यंदा आमच्या भागात येणार असेल तर नवे खड्डे खणू नका, जुने उघडा. हापशाजवळचे दोन तुंबलेत, तिथून सुरुवात करा. दगड धुवायला आम्ही येतो.