मदत हवी आहे: सासूबाईंसाठी बाथरूममध्ये आधाराची दांडी कुठे आणि कशी बसवावी?

वृंदा_ठाणे
सासूबाई ७८ वर्षांच्या. उंची ४ फूट १० इंच, डावा गुडघा दुखरा. रक्तदाबाची गोळी रात्री, लघवीची गोळी संध्याकाळी. महिन्याभरात दोनदा पहाटे पाचच्या सुमारास बाथरूममध्ये तोल गेला. सुदैवाने लागलं नाही. बाथरूम ७ बाय ४ फूट, कमोड आणि अंघोळीची जागा एकातच, दार आत उघडतं. अंघोळ बादली-तांब्याने. दुकानदार म्हणतो, व्हॅक्यूमने चिकटणारी दांडी घ्या, भोकं पाडावी लागत नाहीत. चालेल का?
दुसरं, तेव्हापासून त्यांनी मंगळवारचं भजनी मंडळ बंद केलंय. त्याचं काय करावं?

ओळंबा
व्हॅक्यूमची दांडी घेऊ नका. टाइलच्या सांध्यावर किंवा खरबरीत टाइलवर चकतीत हळूहळू हवा शिरते. दिसायला ती घट्टच दिसते आणि नेमका भार पडला की सुटते. टॉवेलच्या रॉडचंही तेच. त्याचे स्क्रू जेमतेम इंचभराचे, टॉवेलच्या वजनासाठीचे.

दांडी ३०४ ग्रेड स्टीलची, ३२ ते ३८ मिमी जाडीची आणि शक्यतो खरबरीत पकडीची घ्या. भिंतीपासून अंतर दीड इंच. त्याहून जास्त ठेवलं तर घसरताना हात कोपरापर्यंत आत जाऊन अडकतो.

जागेची चूक सगळ्यात जास्त होते. प्लंबर दांडी फ्लशच्या टाकीशेजारी लावतो, कारण तिथे भिंत मोकळी असते. पण उठताना माणूस आधी पुढे झुकतो, मग वर येतो. म्हणजे पकड कमोडच्या पुढच्या कडेच्याही थोडी पुढे हवी. सासूबाईंना कपड्यानिशी कमोडवर बसवा, उठायला सांगा, आणि उजवा हात भिंतीवर आपसूक जिथे टेकतो तिथे पेन्सिलीने खूण करा. पुस्तकातली उंची ३३ ते ३६ इंच असते, पण ती सरासरी माणसासाठी. यांना ती जास्त होईल, खुणेवरच विश्वास ठेवा. एक दांडी तिथे तिरकी, दुसरी अंघोळीच्या जागेत शिरताना उभी.

भोक पाडण्याआधी गिझरचे पाइप भिंतीतून कुठून गेलेत ते बघा. साधारण गरम-थंड पाण्याच्या मिक्सर नळाच्या सरळ वर असतात. टाइलवर चिकटपट्टी लावून ड्रिलचं हॅमरचं (ठोके देणारं) बटण बंद ठेवून ते चालवा, टाइल पार झाल्यावरच हॅमर. पहिल्या भोकाची पूड कशी निघते ते कळवा. लाल असेल तर वीट, सोपं काम.

सावकाश
दांडी लावाच, पण दोन्ही वेळा पहाटेच तोल गेला, तेव्हा फरशीच्या आधी रक्तदाब बघायला हवा. घरच्या यंत्राने असं मोजा: पाच मिनिटं आडवं पडू द्या, मोजा. उभं करा, एका मिनिटाने मोजा, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. शेजारी कुणीतरी उभं राहा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उठल्यावर मेंदूला रक्त कमी पोचतंय. दोन-तीन दिवस पहाटे उठताना मोजलं तर उत्तम. दुपारी मोजून सगळं ठीक म्हणाल तर फसाल.

तोवर पहाटे पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, पावलं वर-खाली दहा-बारा वेळा हलवायची, मग उठायचं. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा दिवा.

वृंदा_ठाणे
दोघांचे मनापासून आभार. पूड पांढरट-करडी, अगदी मऊ निघाली. रक्तदाब आज पहाटे: आडवं असताना १३८/७८, उभं राहून एका मिनिटाने ११४/७०, तीन मिनिटांनी ११२/६८.

ओळंबा
मग भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची आहे. साध्या प्लास्टिक गट्ट्यांवर दांडी अजिबात लावू नका. ब्लॉक आतून भुसभुशीत, काही महिन्यांत गट्टा सैल होऊन बाहेर येतो. इथे टाइल पार झाल्यावरही हॅमर लावायचा नाही, भोक मोठं होतं. भिंतीच्या पलीकडे बेडरूम असेल तर आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी, हा माझ्या मते सगळ्यात भरवशाचा मार्ग. नाहीतर केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून त्यात बोल्ट चिकटवणं. त्यात भोकातली पूड ब्रशने आणि फुंकणीने साफ करणं हेच खरं काम, नाहीतर रसायन भिंतीऐवजी पुडीला चिकटतं. पाकिटावर लिहिलेला वेळ सुकू द्या. आधी घरातल्या जड माणसाने लोंबकळून बघावं, मगच सासूबाईंनी वापरावी.

भिंत फोडायची नसेल तर सर्जिकल दुकानात कमोडभोवती ठेवायची चौपायी फ्रेम मिळते. तिच्यावर सरळ खाली दाब द्यायचा, बाजूला ओढायचं नाही. ओढली की कलंडते.

कमोडची उंची वाढवणारी चार इंची सीट मात्र आंधळेपणाने आणू नका. गुडघ्यामागची घडी ते जमीन मोजा. सीट त्याहून इंच-दोन इंचच वर हवी. ठेंगण्या माणसाचे पाय लोंबले तर उठायला जोर कुठून येणार?

दार बाहेर उघडेल असं बिजागऱ्या बदलून फिरवून घ्या. आत पडलेलं माणूस दारालाच अडतं आणि ढकलता येत नाही. आतली कडी काढा, बाहेरून नाण्याने उघडणारं लॉक मिळतं.

अंघोळीला प्लास्टिकचं हलकं स्टूल नको, ओल्या फरशीवर पाय फाकतात. रबरी बुचांचं, पाठ असलेलं घ्या. बादलीही दुसऱ्या स्टुलावर ठेवा, वाकणं वाचतं. तेल लावून अंघोळ झाली की फरशी लगेच साबणाने घासा. रबरी चटई टाकाल तर रोज उचलून वाळवा, खाली बुळबुळीत थर धरतो.

सावकाश
२४ आणि २६ ने उतरतोय, म्हणजे शंका खरी. हे आकडे तारीख-वेळेसह लिहून डॉक्टरांना दाखवा, गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या. झोपेची किंवा सर्दीची गोळी असेल तर तीही. संध्याकाळची लघवीची गोळी सकाळी घेता येईल का, हे मुद्दाम विचारा. तिच्यामुळे रात्री उठावं लागत असेल. मनाने कुठलीच गोळी बंद करू नका. शाकाहारी असतील किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ तपासायला सांगा. ते कमी असलं की पावलांना जमीन नीट कळत नाही.

आणि एक, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. पडल्या तर बगलेत हात घालून ओढायचं नाही. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला किंवा भार घेता येत नसेल तर हलवू नका, १०८ ला फोन करा. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर बऱ्या वाटत असल्या तरी दवाखान्यात न्याच.

टाळकरी
भजनाबद्दल. हे बंद पडू देऊ नका. भीतीने बसून राहिलं की मांड्यांची ताकद जाते आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. पण 'चला हो, काही होत नाही' असंही म्हणू नका. नेमकी कशाची भीती वाटते ते त्यांनाच विचारा. बहुतेकदा अडचण एखादीच असते: जमिनीवर बसून उठणं, मंडळाच्या घरचा जिना, किंवा मधेच बाथरूमला जावं लागलं तर काय. पहिलीला खुर्ची, तीही एकटीच नको. आणखी दोघी-तिघींना खुर्च्या दिल्या की वेगळं पडल्यासारखं वाटत नाही. जिन्यासाठी दोन-तीन मंगळवार तुमच्याकडेच बोलवा. तिसरीसाठी यजमानीणबाईंना आधी फोन करून ठेवा.

वृंदा_ठाणे
विचारलं. जमिनीवरून उठता येत नाही, हेच कारण निघालं. काठी दाखवली तर डाव्या हातात धरतात, कारण डावा गुडघा दुखतो. बरोबर आहे का?

सावकाश
नाही, उजव्या हातात. काठी आणि डावा पाय एकत्र पुढे, मग उजवा. चप्पल घालून सरळ उभं केल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं की बदला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.
घरी भिंतीला टेकलेल्या खुर्चीवरून उठ-बस, पाच वेळा, दिवसातून दोनदा. आधी हातांचा आधार घेऊन, जमेल तसा कमी करत. चक्कर वाटली तर त्या दिवशी नाही.

टाळकरी
येत्या मंगळवारी भजन तुमच्याकडेच ठेवा आणि खुर्च्या चार मांडा.