ग्रीक कुंभावरचे पट खेळणारे दोन योद्धे: नावं लिहिलेली नसतील तर ओळख कशी ठरवायची?

पांढरी_माती:
ॲथेन्सच्या एका ब्लॅक-फिगर (तांबड्या मातीवर काळ्या आकृत्या, बारकावे कोरलेले) लेकिथॉसचं (तेलाची उंच, अरुंद बाटली) वर्णन लिहायचं आहे. काळ इ.स.पू. सुमारे ५००. बुटक्या ठोकळ्याच्या दोन बाजूंना भालेवाले योद्धे वाकून बसलेत, मधे शिरस्त्राण घातलेली उभी व्यक्ती. तिघांचेही चेहरे काळे. एका योद्ध्याच्या ढालीवर तांबडा पट्टा पसरलाय. अक्षरं आहेत, पण त्यांतून नाव जुळत नाही. हे ट्रॉयच्या युद्धातले ग्रीक वीर अकिलीस आणि एजॅक्सच ना? आणि मधला कोण?

कुंभशाळा:
आधी मधली आकृती पक्की करा. ब्लॅक-फिगरमध्ये स्त्रीची त्वचा पांढरी असते, पण तो पांढरा थर काळ्यावर चढवलेला असतो आणि पहिल्यांदा तोच झडतो. त्यामुळे काळा चेहरा म्हणजे पुरुष, असं धरू नका. तिरप्या प्रकाशातला फोटो मिळवा. जिथे पांढरं होतं तिथली चकाकी मंद दिसते. मग खांद्यावर सापांच्या काठाचं एजिस (कवचासारखं पांघरूण) आणि पायघोळ वस्त्र शोधा. ती सापडली तर ही युद्धाची ग्रीक देवी ॲथीनाच.

अक्षरं उजवीकडून डावीकडेही वाचून पाहा, जुन्या ॲटिक (ॲथेन्स परिसरातल्या) लेखनात दोन्ही दिशा चालतात. तरीही अर्थ लागला नाही तर नाव ओढूनताणून बसवू नका. या काळातल्या लेकिथॉसांवर नुसती शोभेची, निरर्थक अक्षरं भरपूर आढळतात.

सोंगटी:
ओळखीचा आधार ॲथेन्सचा चित्रकार एक्झेकिअस याचा अँफोरा (दोन कानांचा कुंभ). इटलीत वुल्चीला सापडला, आता व्हॅटिकनच्या ग्रेगोरियन इट्रस्कन संग्रहालयात आहे, इ.स.पू. ५४०-५३०, उंची साधारण ६१ सेंमी. त्यावर दोघांची नावं आहेत, शिवाय तोंडांतून निघालेले आकडे: अकिलीस म्हणतो ‘चार’, एजॅक्स ‘तीन’. म्हणजे कोण जिंकतोय हे चित्रकारानेच सांगून ठेवलंय. डावीकडच्या अकिलीसच्या डोक्यावर शिरस्त्राण आहे, एजॅक्सचं मागच्या ढालीवर ठेवलंय, त्यामुळे अकिलीस उंच भासतो. भाल्यांच्या तिरप्या रेषा नजर थेट पटाकडे नेतात. झग्यांवरची कोरीव नक्षी इतकी बारीक आहे की मोठा फोटो घेतल्याशिवाय तिच्याबद्दल लिहूच नये.

पण शिरस्त्राणाचा हा निकष तुमच्या बाटलीला लावू नका. नंतरच्या चित्रकारांकडे दोघेही शिरस्त्राणात असतात. मधली ॲथीनाही एक्झेकिअसकडे नाही, ती पुढच्या कितीतरी कुंभांवर येते. प्रसंग तोच म्हणता येईल; डावा कोण, उजवा कोण हे मात्र नावांशिवाय ठरत नाही.

पांढरी_माती:
प्रसंग ‘इलियड’मधला म्हणून लिहू का? आणि तांबडा पट्टा रक्ताचा असेल?

सोंगटी:
‘इलियड’मध्ये हा खेळ नाही, ‘ओडिसी’तही नाही. हा प्रसंग सांगणारं त्या काळचं काव्य आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. ॲथीना त्यांना लढाईची जाणीव करून देते आहे, हा चित्रांवरून बांधलेला अर्थ आहे, तसाच लिहा. आपल्याला पट म्हटला की द्यूतसभा आठवते, पण इथे काही पणाला लावल्याची खूण नाही.

कुंभशाळा:
पट्टा बहुधा भट्टीचा दोष. काळा भाग हा वेगळा रंग नसतो. त्याच मातीचा गाळून बारीक केलेला लेप असतो. भाजणी एकच, टप्पे तीन. आधी हवा खेळती ठेवून सुमारे ८०० अंश सेल्सिअस: सगळं तांबडं. मग झरोके बंद, ओलं सरपण, सुमारे ९५० अंश: सगळं काळं, आणि लेप वितळू लागून त्याची छिद्रं मिटतात, तो काचेसारखा होतो. शेवटी आच उतरताना पुन्हा हवा: सच्छिद्र अंग तांबडं होतं, मिटलेला लेप काळाच राहतो. लेप पातळ पडला किंवा त्या बाजूला आच कमी लागली, तर तो नीट मिटत नाही आणि शेवटच्या हवेत तांबडा होतो.

तपासायचं सोपं आहे. मुद्दाम दिलेला रंग जांभळट, निस्तेज असतो आणि कोरलेल्या रेषेशी थांबतो. भट्टीचा तांबडेपणा चकाकी ठेवून, रेषा ओलांडून ढालीवरून बाजूच्या आकृतीवरही पसरतो. पट्टा अगदी एकसारखा सपाट असेल तर मात्र आधी जोडकाम आणि डागडुजीची शंका घ्या. अतिनील प्रकाशात नवा रंग बहुतेकदा वेगळा दिसतो.

नोंदीत असं लिहा: ‘दोन योद्धे पट खेळताना, मधे ॲथीना, बहुधा अकिलीस व एजॅक्स’. एजिस सापडेपर्यंत ॲथीनापुढे प्रश्नचिन्ह ठेवा.